नाशिकच्या भिंतींवरचा लोणा

विटांच्या किंवा दगडांच्या भिंतीतून पाण्याबरोबर बाहेर येणारे आणि पाणी उडून गेल्यावर मागे उरणारे पांढरे क्षार म्हणजे लोणा. नाशिकमध्ये तो पाहायला फार शोधाशोध करावी लागत नाही. भांडी बाजार, सराफ बाजार, तांबट आळी या भागांतील वाड्यांच्या बोळाकडच्या भिंती, पंचवटीतल्या धर्मशाळा, नाशिकरोड आणि देवळालीच्या जुन्या वसाहती, गंगापूर रस्त्यावर उघड्या विटांत बांधलेले अलीकडचे बंगले, सगळीकडे तो आहे. कुठे मऊ पांढरे तंतू, कुठे कोरडी भुकटी, तर कुठे नखानेही न निघणारा कडक थर. त्याच्या मागोमाग रंगाचे पोपडे सुटतात, गिलावा फुगतो आणि विटेची लाल पूड भिंतीच्या पायाशी साठू लागते.

भिंत भिजते पावसाळ्यात, लोणा मात्र दिसतो हिवाळ्यात. नाशिक शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो. पुढे हवा कोरडी होत जाते आणि भिंतीने पोटात घेतलेले पाणी बाहेरची वाट धरते. दिवाळीला चुना मारून पांढरीशुभ्र केलेली भिंत पौष-माघात डागाळते ती यामुळे. दोष मात्र चुना मारणाऱ्याच्या माथी येतो. पश्चिमेला घाटमाथ्यावर इगतपुरीत नाशिकच्या चौपटीहून अधिक पाऊस होतो, त्याखाली कोकणात हवाच दमट. तिथल्या भिंती नीट वाळत नाहीत, म्हणून जांभ्याच्या चिऱ्यावर शेवाळ धरते आणि मग ते काळे पडते. पूर्वेला येवला-नांदगावकडे मुळात पाणीच कमी. भिंत भरपूर भिजावी आणि मग तितकीच कडकडीत वाळावी, हा योग नाशिक शहराच्या पट्ट्यात नेमका जुळतो.

लोण्याला तीन गोष्टी लागतात: पाण्यात विरघळणारा क्षार, त्याला वाहून नेणारे पाणी, आणि त्या पाण्याला बाहेर पडायला मोकळा पृष्ठभाग. क्षार विटेच्या मातीत असतो, चुन्या-सिमेंटच्या दर्जांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत असतो, बांधकामाला वापरलेल्या पाण्यात असतो, आणि जुन्या गावात सर्वांत जास्त जमिनीत असतो. सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांची सल्फेटे, नायट्रेटे आणि क्लोराइडे हे त्यातले मुख्य. वीट ही बारीक छिद्रांची जाळी असल्यामुळे जमिनीतली ओल तिच्यातून आपोआप वर चढते. जितके पाणी खालून येते तितकेच भिंतीच्या अंगावरून उडून जाऊ लागले की चढण थांबते. ही उंची सहसा मीटरभराच्या आसपास असते आणि तिथे भिंतीवर एक वाकडीतिकडी रेघ उमटते. रेघेखाली काळपट ओल, रेघेवर पांढरा क्षार.

पृष्ठभागावर आलेला क्षार दिसायला वाईट असला तरी निरुपद्रवी असतो. घातक असतो तो आत राहिलेला. पाणी भिंतीच्या अंगावर पोचण्याआधीच, रंगाच्या किंवा गिलाव्याच्या पाठीमागे उडून गेले तर स्फटिक तिथेच वाढतात आणि छिद्रांच्या कडा फोडतात. सोडियम सल्फेट यात सर्वांत कुप्रसिद्ध. ३२.४ अंश सेल्सिअसच्या खाली, पुरेशी ओल मिळाली की ते पाण्याचे दहा रेणू अंगात घेते आणि त्याचे आकारमान तिपटीहून अधिक वाढते. हवा कोरडी झाली की ते पाणी सोडून देते. दिवस-रात्रीच्या आणि ऋतूंच्या फेऱ्यात हा खेळ पुन्हा पुन्हा चालतो आणि प्रत्येक फेरीत विटेचा एखादा पापुद्रा सुटतो. नायट्रेटांची तऱ्हा निराळी. कॅल्शियम नायट्रेट हवेतली वाफ ओढून घेऊन स्वतःच ओले होते. वर छप्पर धड, खाली जमीन कोरडी, तरी श्रावणात भिंतीचा ठरावीक तुकडा घामेजतो, त्यामागे बहुधा हेच असते. असल्या भिंतीवर गळती शोधत कौले चाळण्यात लोकांचे कित्येक पावसाळे गेले आहेत.

नाशिकच्या जमिनीत हा क्षार आला कुठून, याचे उत्तर गोदावरीच्या काठी उभे आहे. जुन्या नाशकातील मातीच्या गढीवर ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगापासून सातवाहनकाळातून मुसलमानी-मराठा अमदानीपर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले. हजारो वर्षे एकाच उंचवट्यावर माणसे राहिली, जनावरे बांधली गेली, चुलीतली राख, हाडे, शेण, मूत्र आणि सांडपाणी तिथेच मुरले. जमिनीतले जिवाणू या सेंद्रिय घाणीतल्या अमोनियाचे नायट्रेट करतात. हे काम जिवाणूंचे आहे असे फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युंत्झ यांनी १८७७ मध्ये दाखवले. देशावर गावठाणाच्या जमिनीला पांढरी आणि शेताच्या जमिनीला काळी म्हणतात. पांढरीचा रंग या राखेचा आणि क्षारांचा आहे. कसदार म्हणून शेतकरी अशा टेकाडांची माती गाड्या भरून शेतात नेत आले, आणि दख्खनमधली कितीतरी प्राचीन स्थळे पुरातत्त्वज्ञ पोचण्याआधीच अशी अर्धी खाल्ली गेली. घर बांधतानाही जवळची हीच माती उपसली जाई. म्हणजे जुन्या गावातल्या मातीच्या भिंतीत क्षार पहिल्या दिवसापासून घातलेलाच असे.

बंदुकीच्या दारूच्या काळात या क्षाराला किंमत होती. काळ्या दारूत तीन चतुर्थांश शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट लागतो. उरलेला भाग कोळसा आणि गंधक. जुन्या भिंती, गोठे आणि उकिरडे यांची माती पाण्यात भिजवायची, ते पाणी गाळून लाकडाच्या राखेतून काढायचे, मग आटवायचे, अशी शोरा काढण्याची रीत. बिहारात नोनिया जातीचा हा पिढीजात धंदा होता आणि तिथला शोरा डच आणि इंग्रज कंपन्या सतराव्या-अठराव्या शतकांत जहाजे भरून युरोपला नेत. इंग्लंडमध्ये राजाच्या परवान्याने शोरेवाले लोकांच्या घरांतली जमीन खणत. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर युद्ध पेटले तेव्हा १७९३-९४ मध्ये नागरिकांनी आपापल्या तळघरांची माती धुऊन शोरा काढून द्यावा असे फर्मान निघाले. घराच्या भिंती खरवडून घेण्यासाठी सरकारने माणूस पाठवावा, याहून लोण्याचा मोठा सन्मान इतिहासात झालेला नाही.

ज्याला हा क्षार नको होता त्या घरबांधणाऱ्याने त्याच्याशी जमवून घेण्याची तजवीज केली होती. पेशवाईत नाशिकचा विस्तार झाला. नारोशंकराचे देऊळ १७४७ चे, सुंदरनारायणाचे १७५६ चे, सरकारवाडाही अठराव्या शतकातला. या काळातल्या नाशिकच्या वाड्याचे जोते काळ्या पाषाणाचे असे, पुरुषभर नसले तरी कमरेइतके. घट्ट बेसॉल्टमध्ये छिद्रे फार कमी, त्यामुळे जमिनीची ओल दगडात चढत नाही. चढते ती दगडांमधल्या दर्जांतून. जोत्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यात पातळ, पक्क्या भाजलेल्या विटांची भरती. माळ्यांचा आणि छपराचा भार मुख्यतः लाकडावर असल्यामुळे खालच्या चार विटा क्षाराने झिजल्या तरी घर लगेच खचत नसे. विटांच्या दर्जा आत मातीच्या आणि बाहेरून चुन्याच्या भरत.

चुना इथलाच. काळ्या जमिनीत आणि ओढ्यांच्या काठी सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, पाण्यात विझवायचे आणि वाळूबरोबर घाणीत मळायचे. बैल गोल फिरत, दगडी चाक चरातून घरंगळत राही, आणि मळलेला चुना मऊसूत झाला की वापरात येई. त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर घालत. जिथे ओल असेल तिथे वाळूऐवजी किंवा वाळूबरोबर सुरखी, म्हणजे कुटलेली वीट, घालण्याचा प्रघात होता. रोमन वास्तुविद व्हित्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात नेमके हेच लिहून ठेवले आहे: भिंतीला ओल असेल तर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत वाळूऐवजी कुटलेल्या विटेचा गिलावा करावा. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावून ओलीतही घट्ट होणारा लेप देते, हे त्याला किंवा इथल्या गवंड्याला रसायनाच्या भाषेत माहीत असण्याचे कारण नव्हते.

चुन्याचा खरा गुण त्याच्या दुबळेपणात आहे. चुन्याची दर्ज विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असते, म्हणून पाणी विटेतून न जाता दर्जेतून बाहेर पडते, क्षार दर्जेत साठतो, आणि झिजते ती दर्ज. वीट शाबूत राहते. दहा-वीस वर्षांनी गवंडी येतो, कुजका चुना खरवडून काढतो आणि नवा भरतो. खरवडलेल्या चुन्याबरोबर क्षारही घराबाहेर जातो. सारवणाचेही असेच. शेणा-मातीचा पातळ थर जमिनीलगतची ओल आणि क्षार शोषून घेई, त्याच्या खपल्या पडत, आणि पुढच्या सणाला नवा थर चढे. दिवाळीचा चुना, खालच्या हातभर पट्ट्याला लावलेली काव, ही सगळी सजावट होतीच. पण दरवर्षी बदलला जाणारा भिंतीचा तो वरचा पापुद्राही होता. कावेच्या लाल रंगाखाली डाग झाकले जात, हा त्यातला वरकड फायदा.

छपराच्या बाबतीत तर क्षार मुद्दाम आणला जाई. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात धाब्याची घरे असत. लाकडी कड्यांवर पाला-काडी पसरून त्यावर मातीचा जाड थर चोपत आणि पावसाळ्याआधी त्यावर खारी पांढरी माती टाकत. सोडियम जास्त असलेली चिकणमाती भिजली की तिचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पाणी खाली झिरपत नाही. वर गवतही उगवत नाही. शेतात ज्या मातीला चोपण म्हणून शेतकरी कपाळाला हात लावतो तीच धाब्यावर उपयोगी पडे. तिचा क्षार पावसाबरोबर थोडाथोडा भिंतीच्या माथ्यात उतरे. त्यामुळे धाब्याच्या घरात लोणा दोन टोकांना दिसे, पायाशी आणि छताखाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, देवळालीची छावणी वसली, आणि पुढे १९२० च्या दशकात नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. नऊ इंच लांबीची, जाड, साच्यातली वीट या काळात रूढ झाली आणि भार लाकडी सांगाड्यावरून सरळ विटांच्या भिंतीवर आला. भिंतीच्या पायथ्याची वीट झिजणे आता घरासाठी धोक्याचे झाले. वीट कोळशाने भाजली की आणखी एक गोष्ट घडते. कोळशातल्या गंधकाचा धूर आणि मातीतला चुना यांचा संयोग होऊन विटेत सल्फेट तयार होते. नाशिककडच्या काळ्या मातीत चुनखडी मुबलक, त्यामुळे वीट पाडणारे तिच्यात नदीचा गाळ आणि पोयटा मिसळतात. भट्टीत नीट पिकलेल्या, हजार अंशांच्या आसपास भाजलेल्या विटेतले बरेचसे क्षार काचेसारख्या अंशात बांधले जातात. भट्टीच्या कडेची अर्धीकच्ची, पिवळट वीट ते मोकळेच ठेवते. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का हे पाहण्याची गवंड्याची सवय म्हणूनच लोण्याचीही परीक्षा ठरते, पूर्ण नसली तरी.

इंग्रज अभियंत्यांना विटेतल्या क्षाराची धास्ती उत्तरेत बसली. गंगेचा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांतच कालव्याखालच्या जमिनीवर पांढरी रेह, म्हणजे क्षाराचा थर, फुटू लागली. अशा मातीच्या विटा टिकत नाहीत हे रुडकीच्या अभियंत्यांच्या लक्षात आले. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच चित्र दाखवले. निफाड-कोपरगावकडे ऊस आला, पाणी जमिनीत वर चढले, आणि काळ्या रानात खारपड व चोपण पट्टे दिसू लागले. अशा शेताची माती विटेला गेली की तिच्याबरोबर क्षारही भिंतीत जातो. जमिनीची ओल वर चढू नये म्हणून जोत्याच्या माथ्यावर डांबराचा, स्लेटचा किंवा घट्ट काँक्रीटचा थर घालण्याची पद्धत याच काळात इंग्लंडहून आली. तिथे १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे नगरपालिकांनी केलेल्या नियमांत अशा ओलरोधक थराला जागा मिळाली होती. सरकारी इमारतींत तो पडला. वाड्यांमध्ये अर्थातच नव्हता, आणि मागाहून घालणे सोपे नसते.

खरा बदल सिमेंटने केला. जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले १८२४ मध्ये. पोरबंदरला कारखाना निघाला १९१४ मध्ये. स्वातंत्र्यानंतर सिमेंटची गोणी गल्लीतल्या गवंड्यापर्यंत पोचली आणि चुन्याच्या घाणी एकेक करून थांबल्या. सिमेंट लवकर धरते, घाणीवर बैल लागत नाही, मळून ठेवावे लागत नाही. गवंड्याने ते उचलले यात नवल नाही. पण सिमेंटमध्ये स्वतःचेच अल्कली क्षार आणि जिप्सम असते. शिवाय ते मऊ विटेपेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र.

जुन्या वाड्याच्या भिंतीला सिमेंटने दर्जा भरल्या की काय होते ते नाशिकच्या कुठल्याही बोळात वाचता येते. खाली काळ्या दगडाचे जोते कोरडे, चकचकीत. त्यावर पहिल्या तीन-चार थरांत सिमेंटच्या दर्जा जशाच्या तशा उभ्या, बोटभर पुढे आलेल्या. आणि त्यांच्या चौकटीत विटा आत खोल खोल गेलेल्या, मधोमध वाटीसारख्या खोदल्या गेलेल्या. वाटीच्या तळाशी लाल पीठ आणि पांढरे तंतू. बोट फिरवले की पीठ गळते. हाताच्या उंचीवर सिमेंटच्या गिलाव्याचा तुकडा, वरवर धड; ठोकले तर पोकळ वाजतो. त्याच्या वरच्या कडेपाशी, जिथे गिलावा संपतो तिथे, ओलीची नवी रेघ. पाण्याला बाहेर पडायला वाट न मिळाल्याने ते गिलाव्यामागून वर चढून तिथे निघाले आहे. पुढच्या वर्षी गिलावा आणखी दोन हात वर नेला जातो, मग ओल त्याच्याही वर जाते. खालच्या पट्ट्याला डांबर किंवा तैलरंग फासण्याचा परिणामही हाच. जी भिंत दरवर्षी थोडा क्षार बाहेर टाकून मोकळी होत असे, तिच्यात तो आता कोंडला गेला. लोण्याला रोगाचे रूप आले ते इथून.

पुरांनी त्यात भर घातली. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढले यावर नाशिककर पुराचे मोजमाप करतात. १९६९ आणि २००८ च्या महापुरांत ते बाजारपेठेत शिरले. २०१६ आणि २०१९ मध्येही काठचा भाग बुडाला. पुरात भिंत दोन्ही बाजूंनी भिजते आणि गटारांचे पाणीही तिच्यात मुरते. जाड विटेची भिंत अशा भिजण्यातून वाळायला एक हिवाळा पुरत नाही. पण दुकान लवकर उघडायचे असते, म्हणून गाळ काढल्यावर महिन्याभरात सिमेंटचा गिलावा आणि रंग. दोन वर्षांत पोपडे.

क्षाराचा शास्त्रीय इलाज शोधण्याची निकड भारतात प्राचीन अवशेषांपायी आली. मोहेंजोदडोचे उत्खनन १९२२ मध्ये सुरू झाले आणि साडेचार हजार वर्षे जमिनीखाली टिकलेल्या विटा उघड्यावर येताच भुगा होऊ लागल्या. सिंधूच्या खोऱ्यातल्या वर आलेल्या भूजलातले सोडियम सल्फेट त्याला कारण होते. पुरातत्त्व खात्याने १९१७ मध्येच मोहम्मद सनाउल्ला यांना रसायनज्ञ म्हणून नेमले होते. त्यांच्या कामातून खात्याची देहरादूनची रासायनिक शाखा वाढली. मोहेंजोदडोला भिंतींवर साध्या चिखलाचा लेप देण्याचा उपाय पुढे बराच वापरला गेला. क्षार लेपात येतो, लेप झडतो, पुन्हा नवा देतात. मातीच्या घरातली बाई सणासुदीला जे करत होती त्याच्याशी या उपायाचे नाते उघड आहे, जरी अहवालांत तसे लिहिलेले नसले.

याच तत्त्वावरची संग्रहालयांतली आणि स्मारकांवरची पद्धत कागदाच्या लगद्याची. न छापलेला कागद शुद्ध पाण्यात भिजवून, कुटून, त्याचा बोटभर जाड थर भिंतीवर थापायचा आणि हळूहळू वाळू द्यायचा. पाणी आधी भिंतीत शिरते, क्षार विरघळवते, आणि वाळताना क्षारासह लगद्यात परत येते. लगद्यात बारीक चिकणमाती मिसळली तर पकड चांगली बसते. वाळलेला लगदा काढून त्याचा थोडा भाग शुद्ध पाण्यात घोळवतात. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरा साका आला तर क्लोराइड आहे, आम्लयुक्त बेरियम क्लोराइडने आला तर सल्फेट. साका येणे थांबेपर्यंत लगदा पुन्हा पुन्हा लावायचा. काम वेळखाऊ आहे आणि मोठ्या भिंतीला परवडत नाही. पण रंगीत भिंतीला दुसरा इलाज नाही. चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात चुन्याच्या गिलाव्यावर चित्रे आहेत. अशा ठिकाणी चित्राच्या मागून येणारा क्षार रंगाचा थरच उचलतो, आणि ब्रशने झाडायला गेले तर चित्र झाडले जाते. तिथे आधी छप्पर आणि पन्हळी दुरुस्त करून पाण्याचा उगम बंद करावा लागतो.

साध्या विटेच्या भिंतीवरचा नवा, भुकटीसारखा लोणा काढायला मात्र काहीच लागत नाही: कोरडा कडक ब्रश आणि खाली धरलेले सूप. तारेचा ब्रश नको, तो विटेचे भाजलेले कवच ओरखडतो. आणि पाण्याचा फवारा तर मुळीच नको, कारण विरघळलेला क्षार पुन्हा विटेत जातो आणि आठवड्याभरात परत येतो. सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे. खाली पडलेली भुकटी उचलून दूर टाकावी लागते. भिंतीच्या कडेला राहिली तर पहिल्या पावसाने ती पुन्हा पायात मुरते. वेळ माघ-फाल्गुनाची, भिंत पुरती कोरडी असतानाची.

सगळे पांढरे डाग मात्र विरघळणारे नसतात. नाशिकच्या देवळांच्या आणि घाटांच्या काळ्या दगडावर दर्जांखाली पांढऱ्या ओघळांच्या रेघा दिसतात. दर्जेतला चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतो आणि त्याचा चुनखडीसारखा कडक थर बनतो; सिमेंटने दर्जा भरल्या की असे ओघळ अधिक. हा थर ब्रशने निघत नाही. विटेवर किंवा घट्ट दगडावर तो काढायला अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, तेही भिंत आधी साध्या पाण्याने तृप्त करून, म्हणजे आम्ल आत शोषले जाणार नाही, आणि नंतर भरपूर धुऊन. आम्ल चुन्याच्या दर्जाही खाते, म्हणून जुन्या बांधकामावर ते वापरू नये. विटेवर कधी हिरवट-पिवळे डाग येतात ते मातीतल्या व्हॅनेडियमचे. त्यांना हायड्रोक्लोरिक आम्ल लावले तर ते तपकिरी होऊन कायमचे बसतात. गंजाच्या तांबड्या डागांवर ऑक्झॅलिक आम्ल चालते. बेसॉल्टमधल्या लोहखनिजांमुळे दगडावर येणारी तांबूस झाक हा डाग नव्हे, दगडाचेच वय आहे. ती घासून काढण्यात काही साधत नाही.

नव्या बांधकामासाठी भारतीय मानकांनी विटेच्या लोण्याची परीक्षा ठरवून दिली आहे. पसरट भांड्यात २५ मिलिमीटर उंचीपर्यंत शुद्ध पाणी घेऊन त्यात वीट उभी ठेवायची, पाणी विटेत शोषले जाऊन उरलेले उडेपर्यंत थांबायचे, मग तितकेच पाणी पुन्हा घालून तेही उडू द्यायचे. त्यानंतर विटेच्या अंगावर क्षार मुळीच दिसला नाही तर उत्तम. दहा टक्क्यांपर्यंत भागावर पातळ थर असेल तर अल्प, पन्नास टक्क्यांपर्यंत मध्यम, त्याहून जास्त असेल पण पूड पडत नसेल तर भारी, आणि पापुद्रे-पूड सुटत असेल तर गंभीर. साध्या विटांना मध्यमपर्यंत मुभा आहे, १२.५ वर्गाहून वरच्या, जास्त बळकट विटांना फक्त अल्पपर्यंत. परीक्षेला यंत्र लागत नाही, घराच्या गच्चीवर करता येते. तरी वीटभट्टीवर सौदा करताना ती कोणी मागत नाही.

१९७० च्या सुमारास सुरू झालेल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राने नाशिकच्या विटेत आणखी एक घटक आणला, कोळशाची राख. केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातील विटांच्या मातीत निदान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. राख, चुना आणि जिप्सम यांच्या न भाजलेल्या विटाही निघाल्या. त्या आकाराने रेखीव आणि मातीची सुपीक जमीन वाचवणाऱ्या आहेत. पण त्यांतला पुरता न मुरलेला चुना आणि सल्फेट सुरुवातीच्या एक-दोन हिवाळ्यांत अंगावर येतो. हा लोणा बहुधा कोरड्या ब्रशने झाडत राहिले की कमी होत जातो. त्यावर घाईने रंग चढवला तर रंग जातो.

नव्या इमारतीत क्षाराची दुसरी वाट म्हणजे पाणी. बांधकामाच्या जागी नळ मिळायच्या आधी बोअरवेल घेतली जाते आणि तिच्या जड पाण्यातच विटा भिजवणे, मसाला कालवणे, भिंतीवर आठवडाभर पाणी मारणे हे सगळे होते. मारलेल्या पाण्यातला प्रत्येक क्षार भिंतीत जमा होत जातो. रचून ठेवलेल्या विटा उघड्या जमिनीवर पावसात भिजल्या तरी तेच. प्लास्टिक अंथरून त्यावर रास घालणे आणि अर्धवट भिंतीचा माथा रात्री झाकणे याला खर्च जवळजवळ नाही, आणि प्रतिबंधात या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे. उघड्या विटांच्या भिंतीला माथ्यावर उतरती कड आणि तिच्या खाली पाणी तुटण्यासाठी खाच हवी, म्हणजे पागोळ्या भिंतीवरून ओघळत नाहीत. पाणी झटकणारी सिलेनसारखी रसायने फवारण्याची आता चाल आहे. ती वाळलेल्या, क्षारमुक्त भिंतीवरच कामाची. ओल जमिनीतून येत असेल तर ती क्षाराला विटेच्या आत अडवून सिमेंटच्या गिलाव्याइतकेच नुकसान करतात.

जुन्या भिंतीसाठी आता पुन्हा चुन्याकडे वळावे लागत आहे. राज्य पुरातत्त्व खात्याची आणि खासगी वाड्यांच्या जतनाची कामे करणारे गवंडी सिमेंटच्या दर्जा छिन्नीने काढतात, भिंत एक-दोन उन्हाळे तशीच उघडी ठेवतात, बोळाची फरसबंदी भिंतीपासून वीतभर मागे सरकवून तिथे खडीचा चर घेतात, आणि पायथ्याच्या मीटर-दीड मीटरला जाडसर वाळूचा, मुद्दाम दुबळा ठेवलेला चुन्याचा गिलावा करतात. तो टिकावा अशी अपेक्षाच नसते. दोन-तीन वर्षांत तो क्षाराने भरून भुसभुशीत झाला की खरवडून काढतात आणि पोत्यांत भरून हलवतात. मग दुसरा, आणि लागलाच तर तिसरा. खालून येणारा क्षार कमी झाल्याचे दिसले की शेवटचा, नेहमीचा गिलावा आणि त्यावर तैलरंग नव्हे, चुनाच.